गर्भवती आणि किनाऱ्यावरचा उन्हाळा

फाल्गुन सरतो, शिगम्याचे ढोल थांबतात आणि गोमंतकातील हवा जड होऊ लागते. काजूच्या बागांत बोंडूंचा वास दरवळतो, विहिरींचे पाणी खाली जाते आणि मृगाची पहिली सर येईपर्यंत घामाची धार खंडत नाही. ज्या भगिनीची प्रसूती ज्येष्ठ-आषाढात अपेक्षित आहे, तिच्या गर्भारपणाचे सर्वांत जड महिने नेमके याच दिवसांत येतात. या काळात तिला बरे कसे वाटेल, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु तिच्या सुखाशी बाळाचे स्वास्थ्य बांधलेले असते, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करणे इष्ट आहे.

आपल्याकडे उन्हाळ्याविषयी एक गोड गैरसमज रुजलेला आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडील सोयरे मे महिन्यात आले की ते तिकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कथा सांगतात आणि आपण म्हणतो, "त्या मानाने आमच्याकडे कसला उन्हाळा!" पणजीचे कमाल तापमान एप्रिल-मेमध्ये साधारणतः तेहतीस अंशांच्या आसपास असते, हे खरे. पण तापमापकाचा आकडा ही अर्धीच हकिगत आहे. शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर घाम वाळल्यामुळे. कोरड्या हवेत तो क्षणात वाळतो आणि जाताना अंगातील उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या हवेत बाष्प आधीच भरलेले असल्यामुळे तो वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीरातील पाणी व मीठ तर गेले, पण थंडावा काही मिळाला नाही, असा हा दुहेरी तोटा होय. रात्रीही पारा पंचवीस-सव्वीस अंशांखाली क्वचितच उतरतो. त्यामुळे दिवसाच्या श्रमाने तापलेल्या देहाला रात्रीची विश्रांतीही पुरती लाभत नाही.

भारतीय हवामान खात्याने हा फरक ओळखला आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांवर पोहोचल्यावर होतो. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश, आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी अधिक असल्यास, तेवढ्यावरच लाट आली असे मानले जाते. मार्च २०२३ मध्ये असा इशारा मिळाल्यावर गोव्यातील शाळा ९ व १० तारखेस दुपारपूर्वीच सोडण्यात आल्या होत्या, हे शिक्षकवर्गाच्या स्मरणात असेल. मुलांच्या बाबतीत जी तत्परता आपण दाखविली, ती उदरातील मुलाच्या बाबतीतही दाखवावयास हवी.

या दमट हवेमुळे परमुलखातील काही चांगले उपाय येथे निरुपयोगी ठरतात. ग्वाल्हेरकडे दारांवर वाळ्याचे ओले पडदे सोडतात. हैद्राबादेत आणि इंदुरात पाण्यावर चालणारा कूलर घरोघरी असतो. तेथे ते खरोखर गुणकारी आहेत, कारण तेथील कोरडी हवा पाणी शोषून थंड होते. आपल्या घरात तोच कूलर दारे-खिडक्या लावून चालविला, तर खोलीत अधिकच दमटपणा भरतो आणि गर्भवतीचा जीव अधिक घुसमटतो. याउलट साधा विजेचा पंखा हा किनाऱ्यावरील माणसाचा खरा मित्र आहे. वाहत्या वाऱ्याने अंगालगतची दमट हवा दूर होते आणि थोडा तरी घाम वाळतो. (पारा चाळिशीच्या पलीकडे गेला की पंख्याचा वारा अंग निवविण्याऐवजी तापवितो, पण ती अडचण मुख्यतः घाटावरच्या लोकांची.) पंख्याखाली बसताना मान, हात व पाय ओल्या फडक्याने वरचेवर पुसून घ्यावेत. महागड्या यंत्राच्या तोडीचा आराम एवढ्याने मिळतो असे म्हणवत नाही, पण बराच मिळतो.

आता गर्भवतीच्या देहाकडे वळू. गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्रीच्या अंगातील रक्ताचे प्रमाण सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. हृदयाला तेवढे अधिक रक्त फिरवावे लागते. दहा-बारा किलो वजन वाढते, अन्नाचे ज्वलन वाढते, आणि या साऱ्यातून देहात अधिक उष्णता निर्माण होते. शिवाय गर्भाचे तापमान आईपेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने अधिक असते. बाळाला स्वतःचा घाम गाळून थंड होण्याची सोय नाही. त्याच्या अंगातील उष्णता वारेतून आईच्या रक्तात उतरते आणि आईच्या त्वचेवाटे बाहेर पडते. थोडक्यात, ती एकटी दोघांची उष्णता बाहेर टाकत असते. ऊन फार झाले की देह आपले रक्त थंडाव्यासाठी त्वचेकडे वळवितो. तेवढे ते गर्भाशयाच्या वाट्याला कमी येण्याचा संभव असतो. अंगातील पाणी घटले तर गर्भाशय अवेळी आकुंचन पावू लागण्याचीही भीती असते. "गरमीने जरा कासावीस झाले आहे" असे ती म्हणते तेव्हा ती नाजूकपणाचा आव आणीत नसते.

येथे खरा मुद्दा येतो. थंड पेये, सैल वस्त्रे, पंखा हे सारे उपयोगाचे आहे. परंतु गर्भवतीचा उन्हाळा सुखाचा जाईल की नाही, हे मुख्यतः दुपारी बारा ते चार या वेळेत घर तिच्याकडून काय काम घेते यावर ठरते. आपल्याकडे हेच महिने कामाच्या गर्दीचे असतात. सत्तरी, काणकोण, पेडण्याच्या डोंगरउतारांवर बोंडू वेचण्यासाठी बायका पहाटेपासून वाकलेल्या असतात. मिठागरांतील हंगाम मे महिन्यातच शिगेला पोहोचतो. मासळीबाजारात तापलेल्या पत्र्याखाली दिवस काढावा लागतो. आणि या कशातही नसलेल्या गृहिणीला पुरुमेंताची कामे सुटलेली नसतात. मिरच्या वाळवायच्या, आमसुले उन्हात टाकायची, मासळी खारवायची, पापड लाटायचे, सरपण रचायचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी ती अंगणातल्या रणरणत्या उन्हात उकिडवी बसून करीत असते. सातवा महिना लागला म्हणून हे काम आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. कोणीतरी ते उचलून घ्यावे लागते.

तमिळनाडूत श्रीरामचंद्र उच्च शिक्षण व संशोधन संस्थेने ८०० गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शेते, मिठागरे, वीटभट्ट्या अशा उष्ण जागी काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भ पडून जाण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्या पाहणीत दिसून आले. तो प्रदेशही किनाऱ्याचा, कामेही आपल्यासारखीच. म्हणून हे निष्कर्ष दूरचे मानून चालणार नाही.

काम सर्वस्वी थांबवावे असे कोणी म्हणत नाही. हातावर पोट असलेल्या घरात ते शक्यही नाही. कामाची वेळ मात्र हलविता येते. बोंडू वेचणे सकाळी दहाच्या आत उरकावे. वाळवण पसरण्याचे व गोळा करण्याचे काम मुलांनी किंवा पुरुषांनी करावे. बसून करावयाची कामे सावलीत आणावीत. डोक्यावर बोंडूंची पाटी किंवा पाण्याची कळशी घेऊन चढण चढणे हे या महिन्यांत तिच्याकडे नसावे. स्वयंपाक दोन्ही वेळचा सकाळीच करून ठेवण्याची प्रथा पुष्कळ घरांत आहे, पण दमट उष्म्यात अन्न लवकर आंबते. त्यापेक्षा संध्याकाळी दुसऱ्या कोणी चुलीपाशी उभे राहावे हे बरे. चुलीची धग आणि धूर यांत उभे राहणे हे उन्हात उभे राहण्यासारखेच आहे, किंबहुना अधिक वाईट. सासूबाईंनी "आम्ही नाही का नवव्या महिन्यापर्यंत केले?" असे म्हणण्याआधी त्या काळी ज्यांचे पोटातच गेले, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नव्हती, एवढे ध्यानी घ्यावे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांना कायद्याचा आधार आहे. प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वी सहा आठवड्यांच्या आधीचा जो एक महिना, त्या काळात गर्भवतीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमातील ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही कायम आहे. विनंती तिने करावयाची आहे, म्हणून ही गोष्ट तिला ठाऊक असली पाहिजे. आणि ती सांगण्याचे काम कार्यालयप्रमुखांनी करण्यास कोणतीही हरकत नाही. काजूच्या डोंगरावर मात्र कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे बागायतदाराची माणुसकीच काय ती उपयोगी.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. उन्हाळ्यात गर्भवतीने दिवसाकाठी अडीच ते तीन लिटर, म्हणजे दहा-बारा पेले पाणी व पातळ पदार्थ घ्यावेत. श्रमाचे काम असल्यास आणखी. लघवीचा रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा असला तर पाणी पुरते आहे. गर्द पिवळा झाला तर कमी पडते आहे. तहान लागण्याची वाट पाहू नये. हे सर्वांना सांगितले जाते, पण बायका पाणी कमी का पितात हे फारसे विचारले जात नाही. कारण उघड आहे. बाजारात, बसस्थानकावर, बागायतीत, काही कार्यालयांतसुद्धा स्वच्छ शौचालय नसते. गर्भारपणात लघवी वारंवार होते, म्हणून ती घरून निघतानाच तहान मारते. पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, यातून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. त्याने ताप येतो, आणि प्रसंगी अकाली कळाही सुरू होतात. तेव्हा पंचायतीने बाजारातील शौचालय स्वच्छ व उघडे ठेवणे ही गर्भवतीच्या आरोग्याचीच सेवा आहे. मुख्याध्यापकांनीही आपल्या शाळेतील शिक्षिकांची सोय एकदा पाहून घ्यावी.

प्यावे काय? साधे पाणी सर्वांत चांगले. त्याखेरीज आपल्या परसातील पेये या हवेला अगदी अनुरूप आहेत. उकड्या तांदळाची पेज पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही देते. सकाळी दहाची पेज ही आपल्या पूर्वजांची शहाणी योजना होती, आणि चहा-बिस्किटांनी तिला हुसकावले याचे वाईट वाटते. ताक, शहाळे, लिंबाचे सरबत, कोकमाचे सरबत, सोलकढी, नाचणीचे तिझन यांतील जे घरात सहज होईल ते घ्यावे. फार घाम गेला असेल किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर आरोग्यकेंद्रात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घ्यावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ याहून अधिक नको. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी मिठाच्या पेयांविषयी, आणि ज्यांच्या रक्तात साखर आढळली आहे त्यांनी सरबते व शहाळी यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. खारे मासे व लोणची पेजेबरोबर रुचतात, परंतु रक्तदाब असल्यास ती बेताचीच असावीत. चहा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास चांगले लागते.

हंगामात "थंड असतो" म्हणून हुर्राक आग्रहाने पुढे केला जातो. गर्भवतीने त्याचा एक घोटही घेऊ नये. मद्य ते मद्यच, ते बाळापर्यंत पोहोचते. नीरोही सकाळी गाळलेला दुपारपर्यंत आंबतो, म्हणून तोही टाळलेला बरा. आंबा उष्ण म्हणून वर्ज्य करणाऱ्या घरांत ती बिचारी वर्षाचा एकच आनंद गमावून बसते. साखरेचा विकार नसेल तर जेवणानंतर एखादा पिकलेला आंबा खाण्यास प्रत्यवाय नाही.

पाणी कोणतेही असो, मे महिन्यात ते उकळूनच घ्यावे. विहिरी तळाला गेल्या की पाणी दूषित होण्याचा संभव वाढतो. दूषित पाण्यातून पसरणारी एक कावीळ, जिला हेपटायटिस ई म्हणतात, ती इतरांना बहुधा सौम्य असते. पण गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती प्राणघातक ठरू शकते. गाड्यावरील उघडी कापलेली फळे आणि बर्फाचा गोळा यांचा मोह याच कारणासाठी आवरावा.

पायांवर सूज येणे या दिवसांत बहुतेकींना होते. उष्म्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, वाढलेले गर्भाशय पायांकडून परतणारे रक्त अडविते, आणि संध्याकाळी घोटे भरून येतात. "अंगात पाणी झाले" अशा समजुतीने पाणी तोडणे हा त्यावर अत्यंत चुकीचा उपाय आहे. लघवी होण्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे तर धोक्याचे. पाय उशीवर ठेवून डाव्या कुशीवर पडावे. उताणे निजल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येऊन चक्कर येते. चपला सैल असाव्यात आणि बांगड्या-अंगठ्या घट्ट होऊ लागल्यास वेळीच काढून ठेवाव्यात. परंतु सूज तोंडावर व हातांवर आली, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ आली, तर तो उन्हाळ्याचा त्रास नव्हे. रक्तदाब वाढल्याची ती खूण आहे. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

घामोळ्यांसाठी दिवसातून दोनदा साध्या पाण्याने स्नान, अंग कोरडे पुसणे आणि सुती वस्त्र एवढे पुरते. तळहात-तळपायांना पुरळ नसताना खाज सुटत असेल, विशेषतः रात्री, तर ती यकृताच्या विकाराची असू शकते, डॉक्टरांना सांगावे. वस्त्रांबद्दल आणखी एक सांगावयाचे आहे. डोहाळजेवण आणि ओटीभरण हे कौतुकाचे प्रसंग वैशाखात भर दुपारी होतात. तिला रेशमी शालू, फुलांचे दागिने आणि पन्नास माणसांची गर्दी यांत तीन-तीन तास बसविले जाते. तोच सोहळा संध्याकाळी, सुती साडीत, मोकळ्या ओसरीवर केला तर कौतुक कमी होत नाही. बाळंतपणासाठी माहेरी पाठवायचे असल्यास प्रवास सकाळच्या पहिल्या गाडीने करावा. बसमध्ये तिला उठून जागा देण्याची गोष्ट लिहिण्याची वेळ येऊ नये, पण येते.

घराचीही थोडी दखल घ्यावी. मंगळुरी कौलांची, उंच वळचणीची, मध्ये राजांगण असलेली आपली जुनी घरे वारा खेळता ठेवीत असत. आता सिमेंटच्या सपाट छपराखालील वरची खोली "स्वतंत्र" म्हणून नव्या जोडप्याला दिली जाते आणि तीच घरातील सर्वांत तापट खोली असते. दिवसभर शोषलेली उष्णता स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो. याचा एक बोलका दाखला गुजरातेत मिळाला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या वेळी तेथील एका सार्वजनिक रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि उष्म्याने त्रस्त झालेली नवजात बालके अतिदक्षता विभागात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. कक्ष खालच्या मजल्यावर हलविल्यावर ते घटले. पुढे २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडाच तयार केला. आपल्या घरात एवढ्या खटाटोपाची गरज नाही. चैत्र ते ज्येष्ठ गर्भवतीची खाट तळमजल्यावर, समोरासमोर खिडक्या असलेल्या खोलीत आणावी, म्हणजे झाले. छपराला पांढरा चुना दिल्यास किंवा पत्र्यावर माडाची झावळे अंथरल्यास आतील ताप पुष्कळ कमी होतो.

एवढी काळजी घेऊनही कधी ऊन बाधते. भोवळ, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे, अतिशय थकवा ही पहिली चिन्हे. तिला तत्काळ सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, डाव्या कुशीवर निजवावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि शुद्धीवर असल्यास घोटघोट पाणी द्यावे. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. ती असंबद्ध बोलू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अशा वेळी तोंडात पाणी घालू नये, तापाची गोळी देऊ नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि वाहन येईपर्यंत मानेवर, काखांत, जांघेत थंड पाण्याच्या घड्या ठेवून वारा घालीत राहावे. पाणी जाणे, रक्त जाणे, ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, शंभरावर ताप, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणे, यांतील एकही गोष्ट उन्हावर ढकलून सकाळची वाट पाहू नये.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. एप्रिल-मेमधील ९ तारखेस केंद्राच्या दारात रांग उन्हात उभी राहणार नाही, बसावयास बाके आणि प्यावयास पाणी असेल, हे केंद्रप्रमुखांनी व पंचायतीने आधल्या दिवशी पाहावे. सकाळी लवकर येणाऱ्यांना लवकर मोकळे करावे, म्हणजे दूरच्या वाड्यांतील स्त्रियांना भर दुपारी परतीची वाट चालावी लागणार नाही. आपल्या वाड्यावर कितवा महिना कोणाला चालू आहे, हे अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत असते. उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की त्या नोंदवहीतील घरी निरोप त्याच सकाळी पोहोचला पाहिजे.